जे यीस्ट मरायला हवे होते

संशय घेणे हाच ज्यांच्या व्यवसायाचा धर्म, त्यांच्या वाट्याला कधी ना कधी एक अवघड परीक्षा येते. ज्या डोळ्यांनी पदार्थाची पारख करायची, त्याच डोळ्यांनी माणसाची पारख करावी का? पदार्थावरचा संशय खोटा ठरला, तर पदार्थाचे काही बिघडत नाही. माणसावरचा संशय खोटा ठरला, तर ज्याच्यावर तो घेतला गेला तो आणि ज्याने तो घेतला तो, दोघेही पहिल्यासारखे राहत नाहीत. उलट भिडेखातर संशय गिळून टाकला, तर असत्याला मानाचे आसन मिळते. अशा वेळी मन निर्मळ ठेवून शंका घेणे फार थोड्यांना साधते. डॉ. प्रेमला निजसुरे यांना ते साधले की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

शतक संपत आले होते तेव्हाची ही हकीकत. हडपसरच्या मळ्यांतून फ्लॉवर आणि मेथी हटून तेथे काचेच्या इमारतींचे नकाशे उभे राहू लागले होते. पुण्यातला जो तो तरुण संध्याकाळी संगणकाच्या वर्गाला जात होता आणि दोन हजार साल उजाडताच जगातले सारे संगणक कसे बिघडतील, हे चहाच्या टपरीवर उभे राहून सांगत होता. त्याच हडपसरच्या वाटेवर एका जुन्या दगडी इमारतीत एक छोटी संशोधन संस्था होती. तिच्या पहिल्या मजल्यावर प्रेमलाबाई यीस्टचा अभ्यास करीत. निवृत्ती जवळ आली होती. घरी कोणी वाट पाहणारे नव्हते. नेमस्तपणा, स्पष्टवक्तेपणा आणि स्वच्छता या तीन गोष्टींसाठी त्या प्रसिद्ध होत्या, आणि तिन्हींसाठी विद्यार्थी त्यांना भीत असत.

त्यांचा विषय लहान वाटावा असा होता: यीस्टची पेशी आपल्या अंतर्भागातले कॅल्शियम कसे सांभाळते. यीस्ट म्हणजे पावाचे पीठ फुगवणारा तो एकपेशीय जीव. त्याच्या बाहेर कॅल्शियम कितीही असो, आत तो ते अत्यल्पच ठेवतो. कारण पेशीच्या आत कॅल्शियम हे निरोपाचे काम करते. निरोप क्षणभर यावा आणि थांबावा. तो अखंड येत राहिला, तर पेशीचा सारा कारभार गोंधळतो आणि ती मरते. म्हणून जास्तीचे कॅल्शियम ती रिक्तिका नावाच्या आतल्या कोठीत लोटून देते. या कोठीला दोन दारे आहेत. एका दाराशी एक दणकट पंप अहोरात्र कॅल्शियम आत ढकलतो. दुसरे दारही चांगले प्रशस्त आहे. पण कॅल्शियम वाढले की कॅल्सिन्यूरिन नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागे होते आणि ते दुसरे दार जवळजवळ लावून घेते. सृष्टीने असे का योजले असावे, हे पुरते कोणाला उमगलेले नाही.

प्रेमलाबाईंकडे यीस्टचा एक वाण होता, ज्यातून तो पंप मुळातच काढून टाकलेला होता. हा वाण भरपूर कॅल्शियम घातलेल्या प्लेटवर, म्हणजे पोषक जेलीच्या चपट्या तबकडीवर, पसरला, की मरे. एक दार नाही, दुसरे ऐन वेळी लागलेले. दुसरे काय होणार? जगातल्या ज्या ज्या प्रयोगशाळेत हा प्रयोग झाला, तेथे तो वाण मेला होता.

समाधान रामटेके याच्या प्लेटवर मात्र तो जगत होता.

समाधान हिंगणघाटचा. वडील शाळामास्तर. दीड वर्षापूर्वी तो प्रेमलाबाईंकडे पीएच.डी.साठी आला. टेबलाच्या कोपऱ्यात बुद्धाची एक छोटी तसबीर, पुस्तकांची नीट रचलेली चवड आणि मितभाषी स्वभाव. काम मन लावून करी. प्रारंभी त्याच्या प्लेटवर यीस्टचे फिकट ठिपके उमटले, तेव्हा प्रेमलाबाईंना वाटले, चूक असेल. पुन्हा केले, पुन्हा ठिपके. मग त्यांना आनंद झाला. कोठीला तिसरेही एखादे दार असेल काय? असेल, तर हा मोठाच शोध होता. त्यांनी एका परिषदेसाठी त्याचा गोषवाराही मनात जुळवायला घेतला.

त्यानंतर त्यांनी स्वतः प्रयोग केला. यीस्ट मेले. सुदर्शनने केला. मेले. समाधानने केला. जगले.

सुदर्शन परचुरे हा प्रयोगशाळेतला ज्येष्ठ विद्यार्थी. पुण्याचा. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे इतरांना विसरू न देणारा. संध्याकाळी तोही संगणकाच्या वर्गाला जाई आणि बुधवार पेठेतून सुटे भाग आणून घरी स्वतःचा संगणक जोडी.

"मॅडम, आमच्या हातात मरतात, त्यांच्या हातात जगतात," तो म्हणाला. "याला हातगुण म्हणतात. आपण उगाच विज्ञान शिकलो."

"चेष्टा पुरे. तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"मी काय म्हणणार? पंपवाला साधा वाण शेजारच्याच रॅकमध्ये असतो. नळ्या सारख्याच दिसतात. एवढंच म्हणतो."

"तुम्ही पाहिलंत?"

"नळ्या बदलताना नाही पाहिलं. पण बाकी बरंच पाहिलंय." सुदर्शनने आवाज खाली आणला. "तुम्ही प्लेटबद्दल काही विचारलंत की त्यांचे हात थरथरतात. महिन्यातून एक दिवस न सांगता गायब असतात. सकाळी सर्वांच्या आधी येऊन दार लावून घेतात. परवा जिन्याखालच्या फोनवर आईशी बोलत होते. मी मागेच उभा होतो, माझा नंबर होता. काय म्हणाले माहितेय? 'घेतलं वं माय. कोनालेच नाही दिसलं. तू काई भिऊ नको.'"

प्रेमलाबाईंनी त्याला कामाला जायला सांगितले. पण ते शब्द त्यांच्या कानात राहिले. आणि एकदा संशय आत शिरला, की माणसाची प्रत्येक हालचाल त्याला पुष्टी देऊ लागते. समाधान कोणाबरोबर टपरीवर चहा घेत नाही, हे त्यांना आता आठवले. गर्दीत तो तोंडावर रुमाल धरतो. कोणी शिंकले, की उठून खिडकीपाशी जातो. या सगळ्याचा यीस्टशी काय संबंध, असा प्रश्न त्यांच्या चिकित्सक बुद्धीला पडायला हवा होता. तो पडला नाही. तो लांबून आला आहे, त्याची बोली निराळी आहे, त्याचे इथे कोणी नाही, या गोष्टींनी त्यांच्या मनातल्या संशयाची वाट किती सोपी केली, हेही तेव्हा त्यांच्या लक्षात आले नाही.

गोष्ट संचालकांपर्यंत गेली. डॉ. बद्रीनाथ अष्टपुत्रे हे कमी बोलणारे आणि बोलले की दुसऱ्याला बोलण्यासारखे काही शिल्लक न ठेवणारे गृहस्थ.

"निजसुरेबाई, मुलगा खोटं करतो की नाही?"

"अजून सांगता येत नाही."

"पुढच्या सोमवारी सांगा. खोटं करत असेल तर नोंदणी रद्द करू. पुढे कुठे प्रवेश मिळणार नाही त्याला, हेही लक्षात ठेवा. आणि खोटं करत नसेल, तर परिषदेला पाठवा. मी टाळ्या वाजवायला येईन."

प्रेमलाबाई आपल्या खोलीत परतल्या. एका तरुणाचे आयुष्य आपल्या एका वाक्यावर लोंबकळते आहे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. त्यांनी ठरवले, ऐकीव गोष्टींवर बोलायचे नाही. संशयाचीही रीतसर तपासणी करायची.

त्यांनी साधा वाण आणि पंप नसलेला वाण अशा नळ्या स्वतः भरल्या, त्यांवर केवळ आपल्याला ठाऊक अशा खुणा घातल्या, आणि समाधानच्या हाती दिल्या.

"कोणत्या नळीत काय आहे, मॅडम?"

"तेच तुम्ही मला सांगायचंय."

त्याने त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात त्याला सारे समजल्याचे दिसत होते. थरथरणारे हात त्याने पाठीमागे घेतले. "ठीक आहे, मॅडम," एवढेच बोलून त्याने आदल्या दिवशी ओतून ठेवलेल्या आपल्या प्लेट काढल्या आणि तो कामाला लागला. त्या संपूर्ण वेळ शेजारी बसून राहिल्या. नळ्यांची अदलाबदल करण्यासारखा क्षण त्याला मिळालाच नाही.

दोन दिवसांनी प्लेट पाहिल्या, तेव्हा सर्व नळ्यांतले यीस्ट जगले होते. समाधानला साधा वाण कोणता, हे सांगता आले नाही. तो तसे प्रामाणिकपणे म्हणालाही. प्रेमलाबाईंनी आपल्या खुणांवरून पंप नसलेल्या वाणाच्या प्लेट ओळखल्या, त्यांवर जगलेल्या यीस्टचा कण काडीने उचलला आणि आपण स्वतः बनवलेल्या प्लेटवर पसरला. तेथे ते मेले. म्हणजे वाण बदललेला नव्हता. पंप नसलेलेच यीस्ट समाधानच्या प्लेटवर जगत होते.

दुसऱ्या एखाद्याने येथे सुटकेचा श्वास घेतला असता. प्रेमलाबाईंचा संशय मात्र एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसला. वाण खरा, तर प्लेट खोट्या. हा कॅल्शियम कमी घालत असेल. त्यांनी त्याच्या प्लेटमधला तुकडा घेऊन त्यातले कॅल्शियम मोजले. ते पुरेपूर होते. त्यांच्या स्वतःच्या प्लेटइतकेच.

"मग आणखी काहीतरी घालतो," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आता संशयाला निश्चित आकार आला होता. "काय घालतो?"

शनिवारी सकाळी त्या रोजच्यापेक्षा पुष्कळ आधी संस्थेत आल्या. दार आतून लोटलेले होते. त्यांनी ते अलगद उघडले. असे चोरपावलांनी स्वतःच्याच प्रयोगशाळेत शिरण्याची त्यांना लाज वाटली. पण त्या शिरल्या.

समाधान खिडकीशी पाठमोरा उभा होता. बाकावर कात्रजच्या दुधाची पिशवी कोपरा कापून उभी केलेली होती. शेजारी तपकिरी काचेची एक लहान बाटली. त्याने बाटलीतून पिवळसर, तेलकट द्रव काळजीपूर्वक ओढून घेतला आणि आपल्या चंचुपात्रात सोडला. त्यावर दूध ओतले. काचेच्या कांडीने ढवळले.

"रामटेके, त्या बीकरमध्ये काय घालताय?"

तो एवढ्या जोरात दचकला, की कांडी बाकावर पडून दुभंगली.

"दूध, मॅडम."

"दुधाआधी?"

त्याने बाटलीवर हात ठेवला.

"प्लेटमध्ये हेच घालता ना?"

"प्लेटमध्ये?" त्याच्या चेहऱ्यावर भीतीच्या जागी प्रथम निव्वळ आश्चर्य आले. "नाही, मॅडम. हे मी पितो."

आणि त्यांच्या देखत त्याने ते दूध पिऊन टाकले. मग चंचुपात्रात आणखी थोडे दूध ओतून ते विसळले आणि तेही प्यायला. तोंड कडू करून तो उभा राहिला.

"थेंबही वाया घालवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय," तो म्हणाला. "आणि काचेच्याच भांड्यातून घ्यायचं. प्लास्टिकला चिकटून बसतं. हॉस्टेलवर आमच्याकडे सगळे प्लास्टिकचे मग आहेत. आणि तिथे दहा जण विचारतात."

"बाटली इकडे द्या."

प्रेमलाबाईंनी चष्मा वर सारून बाटलीवरचे नाव वाचले. सायक्लोस्पोरिन. त्यांनी ते पुन्हा वाचले. मग जवळचे स्टूल ओढून त्या बसल्या.

"मूत्रपिंड?" त्यांनी विचारले.

"हो. आईचं." समाधानने खाली पाहिले. "एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझी दोन्ही निकामी झाली. आईनं एक दिलं. शरीराला ते परकं वाटतं, मॅडम. आईचं असलं तरी. सारखा त्याच्यावर हल्ला करायला पाहतं. हे औषध घेतलं की शरीर गप्प राहतं. एक वेळ चुकवलं तरी धोका. म्हणून आई रोज विचारते, घेतलंस का. कोणाला कळलं तर नाही ना, हेही विचारते."

"कळलं तर काय झालं असतं?"

"याआधी एका ठिकाणी गाइडना मी आपणहून सांगितलं होतं. ते फार प्रेमानं वागले. म्हणाले, बाळा, तू घरी विश्रांती घे. आणि जागा दुसऱ्याला दिली." त्याने तुटलेल्या कांडीचे तुकडे गोळा केले. "महिन्यातून एकदा रक्त तपासायला जावं लागतं. हात थरथरतात ते या औषधानंच. गर्दीत जपावं लागतं, कारण संसर्ग लवकर होतो. मी काम कमी केलेलं नाही, मॅडम. प्लेटमध्ये कधी काही घातलेलं नाही. तुम्ही नळ्यांवर खुणा घालून दिल्यात, तेव्हाच मला कळलं तुम्हाला काय वाटतंय."

प्रेमलाबाईंच्या मनात एव्हाना दुसरेच चक्र फिरू लागले होते. सायक्लोस्पोरिन शरीराला गप्प करते ते कशाने? रक्तातल्या ज्या पेशी परक्यावर चालून जातात, त्यांच्यातले एक विकर ते निष्प्रभ करते. त्या विकराचे नाव कॅल्सिन्यूरिन. यीस्टमध्ये दुसरे दार लावून घेणारे विकर तेच. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने काही वर्षांपूर्वी दाखवून दिले होते, की हे औषध प्लेटमध्ये मिसळले तर पंप नसलेले यीस्टही भरपूर कॅल्शियमवर जगते. दार लावणारेच झोपी गेले, की दुसरे दार उघडे राहते. प्रेमलाबाईंनी तो निबंध वाचला होता, विद्यार्थ्यांना शिकवलाही होता. पण औषध फार महाग. त्याची कुपी त्यांच्या प्रयोगशाळेत कधी आलीच नव्हती. जी वस्तू आपल्याकडे नाही, तिच्यावर संशय कोण घेणार?

"रामटेके, प्लेटसाठी कॅल्शियम क्लोराइड कशात विरघळवता?"

"माझ्या बीकरमध्ये."

"कोणत्या?"

त्याने हातातल्या चंचुपात्राकडे पाहिले. त्यावर काच कोरून लिहिलेले त्याचे आद्याक्षर होते. "याच."

"आणि हे धुता कशानं?"

"गरम पाण्यानं. मग ऊर्ध्वपातित पाण्यानं. साबण लावायचा नाही असा तुमचा नियम आहे ना, मॅडम."

तो नियम सर्व संस्थेत विनोदाचा विषय होता. कपडे-भांडी धुण्याच्या चूर्णात फॉस्फेट असते, आणि फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवते. अत्यल्प कॅल्शियम मोजायचे असेल, तर काचेवर त्याचा लवलेश राहता कामा नये. म्हणून प्रेमलाबाईंनी साबणाला दाराबाहेर ठेवले होते. शिवाय प्रत्येकाचा काचसंच वेगळा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, ज्याचा त्याने धुवायचा. विद्यार्थी याला बाईंचे सोवळे म्हणत. मोजमापाच्या भांड्यांपुरता जो नियम आवश्यक होता, तो त्यांनी सरसकट सगळ्या भांड्यांना लावला होता, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. तेलात कालवलेले औषध नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाही. दररोज सकाळ-संध्याकाळ त्याचा एक अदृश्य पापुद्रा त्या काचेवर चढत गेला असणार. दुसऱ्या कोणी तो बीकर वापरला असता, तर गोष्ट कधीच उघडकीस आली असती. पण त्याला हात लावायला मनाई होती. आणि समाधानने औषधासाठी स्वतःचाच बीकर निवडला होता तो याच भरवशावर, की आपले औषध चुकूनही दुसऱ्याच्या पोटात जायला नको.

"प्रयोगशाळेत काहीही खायचं-प्यायचं नाही, हा नियम मात्र तुम्ही मोडलात," त्या म्हणाल्या.

"मोडला, मॅडम."

"तो का मोडायचा नाही, हे आता कळेल." त्या उठल्या. "तो बीकर तसाच ठेवा. पाणीही घालू नका. परचुरे आले की माझ्याकडे पाठवा, आणि आज तुम्ही बाकाजवळ येऊ नका."

सुदर्शन आला. प्रेमलाबाईंनी त्याला कारण न सांगता समाधानचा बीकर दिला. त्यांच्या सांगण्यावरून त्याने तो गरम पाण्याने आणि ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला, कॅल्शियम क्लोराइड त्यात विरघळवले, स्वतःच प्लेट ओतल्या आणि पंप नसलेला वाण स्वतःच पसरला. मग प्रेमलाबाईंनी त्या बीकरला भरपूर साबण लावला. ते दृश्य पाहून सुदर्शन पुढे आला.

"मॅडम, साबण?"

"हो, साबण. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून."

रविवारी संस्थेला सुट्टी होती. प्रेमलाबाईंनी घरी नेहमीप्रमाणे स्नान केले, देवापुढे दिवा लावला. पण स्तोत्राच्या मध्यावर त्यांचे मन पुन्हा पुन्हा हडपसरच्या वाटेवरील त्या उबदार कपाटाकडे जाई, जेथे प्लेट ठेवलेल्या होत्या. त्यांना स्वतःचीच एक गोष्ट नवलाची वाटली. आयुष्यात प्रथमच एखाद्या प्रयोगाचे उत्तर अमुक एक यावे, अशी त्या प्रार्थना करीत होत्या. शास्त्राच्या दृष्टीने हे बरे नव्हे. तरी त्यांनी ती प्रार्थना मागे घेतली नाही.

सोमवारी सकाळी सुदर्शनने कपाट उघडले. साबणाआधीच्या प्लेटवर पंप नसलेले यीस्ट टपोरे उगवले होते. साबणानंतरच्या प्लेट कोऱ्या होत्या.

"माझ्या हातात जगले!" तो म्हणाला.

"हातगुण," प्रेमलाबाई म्हणाल्या. "आता तुमचीही नोंदणी रद्द करायला सांगू का?"

सुदर्शनचा चेहरा उतरला. तो बुद्धिमान होता. बीकर, साबण आणि प्लेट यांची सांगड त्याच्या मनात लागत गेली. "काचेवर काहीतरी होतं. त्यांनी घातलं नव्हतं. पण मॅडम, काय होतं?"

"ते सांगण्याचा अधिकार माझा नाही."

समाधानला त्यांनी बाजूला बोलावून सांगितले, "काचेवर औषधाचा अंश होता आणि माझ्या धुण्याच्या नियमामुळे तो निघाला नाही, एवढं मी संचालकांना सांगेन. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. औषध कोणाचं, ते मी सांगणार नाही."

"ते विचारतील, मॅडम."

"विचारू देत. माझी प्रयोगशाळा, माझा नियम. रागावले तर माझ्यावर रागावतील. तसंही आता मला काय, पेन्शनच घ्यायची आहे."

दुपारी संचालकांच्या खोलीत प्रेमलाबाई, समाधान आणि सुदर्शन तिघेही उभे राहिले. प्रेमलाबाईंनी प्लेट मांडल्या आणि सांगायचे ते सांगितले. डॉ. अष्टपुत्रे यांनी प्लेट एकेक करून उजेडात धरली.

"म्हणजे मुलगा खोटं करत नव्हता."

"नाही."

"शोधही लागलेला नाही."

"नाही. जे आधीच माहीत होतं, तेच आम्ही नकळत पुन्हा करून पाहिलं."

"टाळ्या वाजवायच्या राहिल्या." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "आणि हे औषध कोणाचं? एवढं महागाचं औषध संस्थेच्या काचेवर चालून तर आलं नसेल."

"काच माझ्या प्रयोगशाळेतली आहे. दोष माझा."

"निजसुरेबाई, मी दोष विचारला नाही. औषध कोणाचं ते विचारलं."

खिडकीबाहेर कोठेतरी नव्या इमारतीच्या पायासाठी खडक फोडण्याचे यंत्र चालू होते. त्याचा आवाज तेवढा येत राहिला. प्रेमलाबाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. त्या बोलणार नाहीत, हे संचालकांना कळले होते, आणि न बोलण्याचे मोल त्यांना द्यावे लागणार, हे समाधानलाही कळले होते.

"माझं, सर," तो म्हणाला.

त्याने सारे सांगितले. मूत्रपिंड, आई, आधीचे गाइड, बीकर. सांगताना त्याचे हात थरथरत होते. पण या खेपेस त्याने ते पाठीमागे लपवले नाहीत. सुदर्शन त्या हातांकडे पाहत राहिला आणि मग त्याने मान वळवली.

डॉ. अष्टपुत्रे यांनी समोरच्या खुर्च्यांकडे हात केला. मग म्हणाले, "बसा आधी. तिघंही बसा." आणि सगळे बसल्यावर: "विश्रांती घ्या वगैरे मी काही म्हणणार नाही. विश्रांती घ्यायची असती, तर तुम्ही हिंगणघाटहून इथवर आलाच नसता. नोंदणी आहे तशीच राहील. रक्त तपासायला जाताना बाईंना सांगून जायचं, चोरासारखं जायचं नाही. औषध इथे माझ्या खोलीत घ्यायचं. माझ्याकडे काचेचे पेले आहेत; पाहुण्यांसाठी आणले होते, पाहुणे येत नाहीत." मग ते सुदर्शनकडे वळले. "परचुरे, तुमचं काय? जाताय म्हणे अमेरिकेला, दोन हजार साल वाचवायला?"

"अजून ठरलं नाही, सर," सुदर्शन हळू आवाजात म्हणाला.

"ठरवा. इथे राहिलात, तर डोळ्यांबरोबर तोंडालाही शिस्त लावावी लागेल."

बाहेर व्हरांड्यात सुदर्शन समाधानजवळ थांबला. त्याला काही बोलायचे होते, पण पुण्यातल्या हुशार माणसाला क्षमा मागण्याचे शब्द सहजी सापडत नाहीत. "मी फोनवरचं ऐकलं आणि सांगितलं," एवढे तो कसेबसे म्हणाला. समाधानने मान हलवली. सुदर्शन निघून गेला.

प्रेमलाबाई मागे राहिल्या.

"रामटेके, शुक्रवारी रात्री मी मनाशी निर्णय करून टाकला होता, की तुम्ही खोटं करताय. पुरावा येण्याआधीच. तुमच्याबाबतीत मी जो पहिला संशय घेतला, तो शास्त्राचा होता. त्यानंतरचे सगळे तसे नव्हते. हे तुम्हाला सांगणं माझं कर्तव्य आहे."

समाधानने त्यांच्याकडे सरळ पाहिले.

"राग आहे, मॅडम," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? नळ्या दिल्यात त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन जेवलो नाही. पण तुम्ही माझ्या प्लेटमधलं कॅल्शियम मोजलंत, हेही मला माहीत आहे. आधीच्या सरांनी काहीच मोजलं नव्हतं. राग जाईल हळूहळू."

"सावकाश जाऊ द्या. मला घाई नाही."

"आणि आता मी करू काय? शोध तर गेला."

"शोध गेला, प्रश्न कुठे गेला? ते विकर दुसरं दार का लावून घेतं, हे अजून कोणाला माहीत नाही. पेशीचा जीव जातोय आणि ते दार लावतंय. काहीतरी कारण असेलच ना?" बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला. "उद्या सकाळी या. औषध घेऊन, खाऊन-पिऊन या. मग बसू."

तो जिना उतरू लागला. प्रेमलाबाई कठड्याला हात टेकून, तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिल्या, आणि त्यांच्या ओठांतून कित्येक वर्षांत विद्यार्थ्यासाठी न निघालेले शब्द अस्फुट निघाले: आयुष्मान हो.

हिंगणघाटच्या त्या माउलीचे दान लेकाच्या देहात स्वस्थ नांदो. ज्याच्यावर संशय घेतला गेला, त्याच्या मनातला सल काळाच्या ओघात विरघळो. ज्याने उतावीळपणे बोट दाखवले, त्याला विवेकाची सोबत लाभो. आणि शंका घेण्याचे कठीण काम ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्या सर्वांच्या अंतःकरणात करुणेचा दिवा मंद, पण अखंड तेवत राहो.